कथेआधीचं पान

आमच्या बँकेच्या चेन्नईतल्या नुंगंबाक्कम शाखेत दुपारचं जेवण झालं की थोड्या वेळाने एक ढेकर यायचा. तो इतका ठरल्या वेळी यायचा की कॅश काउंटरवरची मुलगी त्यावर आपलं घड्याळ लावायची. ढेकर देणारे गृहस्थ मुदत ठेवींच्या टेबलावर बसायचे. ढेकरानंतर ते डोळे मिटायचे, उजवा तळवा छातीच्या मधोमध ठेवायचे आणि समोरच्या खातेदाराला तमिळमध्ये सांगायचे, "एक मिनिट हं, आत जरा आग लागली आहे." मग खणातून गुलाबी औषधाची बाटली निघायची. ती तशीच तोंडाला लावून एक मोठा घोट, मिशीला लागलेला गुलाबी रंग रुमालाने पुसणं, आणि मग, "हां, सांगा, किती वर्षांसाठी ठेवायचे?" खातेदारांना सवय झालेली होती. एक म्हातारे मास्तर तर येताना त्यांच्यासाठी न चुकता ओव्याची पुडी आणायचे.

हे वेंकोबराव. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात माझी बढतीवर चेन्नईला बदली झाली तेव्हा ते पंचावन्नच्या आसपास असतील. मी अकोल्याची, त्यामुळे उन्हाला भ्यायचं मला काही कारण नव्हतं. पण चेन्नईत ऊन आपल्यापेक्षा कमी आणि घाम मात्र चौपट, हे काही केल्या पटेना. त्यात तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच दिवशी मी शिपायाला खुणा करून पिण्याचं पाणी मागत होते आणि तो मला नम्रपणे हात धुवायच्या जागेकडे नेत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, आपण महाराष्ट्र देशांतून आलांत काय?"

मी वळून पाहिलं. खांदे अरुंद, हात काडीसारखे, मान बारीक, गालफडं बसलेली, आणि या सगळ्याच्या मधोमध एक गोल गरगरीत पोट. शिडशिडीत माणसाला कोणी चुकून दुसऱ्याचं पोट लावून दिल्यासारखं दिसत होतं. त्या पोटावर शर्ट ताणलेला आणि शर्टावर चामड्याचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला.

"आम्हीं तंजावरचे," ते म्हणाले. "तीनशें वरुषें झालीं येऊन. परत जायचें राहून गेलें, पा."

आवाज मात्र असा होता की शाखेतला पंखा बंद आहे असं वाटावं. भरदार, खोल, प्रत्येक अक्षर सुटं. त्या आवाजापुढे माझं अकोल्याचं मराठी मला भांडी आपटल्यासारखं वाटायला लागलं. पुढे दोन-तीन महिन्यांत माझ्याही बोलण्यात तमिळ 'सेरि', म्हणजे 'बरं', आणि 'पा' शिरले, आणि आईने फोनवर विचारलं, "तुला बरं नाही का गं?"

ते एग्मोरला राहायचे आणि माझं बायकांचं वसतिगृहही तिथेच. त्यामुळे संध्याकाळची लोकल आमची एकच असायची. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला घरी नेलं आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे अक्कांनी, पाटावर बसवून जेवायला वाढलं. अक्का ठेंगण्या, चपळ, आणि बोलायला फटकळ. सांबार वाढताना वेंकोबराव अभिमानाने म्हणाले, "हें तमिळांचें म्हणतात. खोटें. तंजावरच्या मराठ्यांच्या चुलीवर प्रथम झालें. ही आमची आमटी."

"तुमची आहे म्हणून सगळी तुम्हींच प्यायची काय?" अक्का म्हणाल्या.

ते सगळी प्यायचे. आधी सांबारभात, मग रसमभात, मग दहीभात, प्रत्येक भाताच्या आधी 'थोडासाच' असं म्हणून. दहीभात संपला की तिथल्या तिथेच आडवं व्हायचं. गार फरशीवर पालथी मूठ डोक्याखाली घेऊन ते पडायचे आणि पडल्या पडल्या खोकायचे. खोकताना म्हणायचे, "हा चेन्नईच्या धुळीचा खोकला." कधी तो एअर कंडिशनरचा असायचा, कधी शेजारणीच्या लोणच्याचा, कधी दृष्ट लागल्याचा. स्वतःच्या पोटावर त्यांनी कधी संशय घेतला नाही. घरच्या माणसावर कोण घेतो?

आणि त्यांच्याकडे पुरावा होता. एग्मोर स्टेशनवर वजनाचं एक मोठं यंत्र उभं असायचं, लाल-हिरवे दिवे लुकलुकणारं. नाणं टाकलं की खडखड करून जाड कागदाचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वेंकोबराव दर शुक्रवारी त्यावर चढायचे. हातपाय काड्यांचे असल्यामुळे वजन नेहमी उंचीला शोभेल एवढंच भरायचं. ते तिकीट मला दाखवून म्हणायचे, "पाहा बाई. यंत्र लबाडी करत नाहीं. मी जाड नव्हे." मग उलटून भविष्य वाचायचे. एकदा त्यावर 'तुमच्या गोड वाणीमुळे मित्र वाढतील' असं आलं होतं. ते तिकीट त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी अक्कांनी ते केराच्या टोपलीत टाकलं.

पण गोड वाणीचं यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. वेंकोबरावांची खरी ओळख बँकेत नव्हतीच. त्यांच्या घराण्यात बापापासून कथा चालत आली होती. तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी मंडळींचं एक लहानसं राममंदिर आहे. तिथल्या रामनवमीच्या उत्सवात शेवटच्या संध्याकाळी मराठीत कथा व्हायची, ती त्यांचे वडील, अण्णा, करायचे आणि अण्णांच्या नंतर वेंकोबराव. कथा एकच, भरतभेटीची. मराठी कळणारी माणसं दरवर्षी कमी व्हायची, पण कथा ऐकायला सगळी गल्ली यायची, कारण त्या कथेत एक हाक होती. भरत रामाला शोधत रानात येतो, दुरून त्याला रामाची कुटी दिसते आणि तो हाक मारतो. ती हाक मारायला वेंकोबराव एक पाऊल पुढे टाकायचे, मान वर करायचे, आणि "रामा!" हे दोन अक्षरांचं नाव असं लांबवायचे की अंगावर काटा यायचा. मी पहिल्या वर्षी अक्कांबरोबर गेले होते. मुदत ठेवींच्या टेबलावरचा माणूस तो हाच, हे मला स्वतःला दोनदा सांगावं लागलं. त्यांनी माइक घेतला नव्हता. समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला आलेली बाई कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिली होती.

कथेला उभं राहण्याआधीचा त्यांचा एक नेम होता. अण्णांनी घालून दिलेला म्हणून तो देवाच्या आज्ञेसारखा पाळायचा. "कथेआधीं पोट भर, कंबर बांध, मग राम म्हण." मंदिराच्या मागच्या खोलीत कथेकऱ्यासाठी केळीचं पान मांडलेलं असायचं, सगळ्यांच्या आधी, भात, भाज्या, वडे, पायसम सगळं असलेलं. ते पान वेंकोबराव स्वच्छ करायचे. मग अण्णांचा जुना जांभळा शेला दुहेरी करून पोटाभोवती गुंडाळायचे आणि मागे अक्कांना गाठ मारायला लावायचे. "आणखी ओढ," ते म्हणायचे. अक्का पाय भिंतीला लावून ओढायच्या. पोट वर सरकायचं, चेहरा लाल व्हायचा, आणि मग ते राम म्हणत बाहेर पडायचे.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा गेले. त्या वर्षी आधीपासूनच त्यांचा आवाज सकाळी बसलेला असायचा. गरम पाणी, ज्येष्ठमध, मिरी, खडीसाखर, सगळं चालू होतं. गुलाबी बाटली आता खणात न राहता टेबलावर आली होती. रात्री घशात आंबट येतं, झोपेतून दचकून उठतात, असं अक्का मला सांगायच्या. कथेला त्यांनी पहिल्यांदाच माइक मागितला. कथा रेटत रेटत भरत रानापर्यंत आणला. मग त्यांनी पाऊल पुढे टाकलं, मान वर केली, आणि तोंडातून नुसती हवा आली.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. माइकमधून घरघर ऐकू आली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि ते खोकायला लागले, शेल्यावर दोन्ही हात ठेवून वाकून खोकत राहिले. कोणी हसलं नाही. तेच वाईट वाटलं. अक्का उठून पाणी घेऊन गेल्या आणि लोकांनी आपणहून रामनाम सुरू केलं, म्हणजे कथा संपल्यासारखी झाली.

नंतर मागच्या खोलीत मंदिराचे विश्वस्त आले. माणूस चांगला होता, त्यांना बोलायला जड जात होतं. ते म्हणाले, "राव, पुढच्या वर्षी तमिळ प्रवचन ठेवावं असं मंडळींचं मत आहे. मराठी कळणारे तरी आता किती? तुमचा आवाज परत आला तर तुम्हीच करा. पण एकदा बंद झालं की पुन्हा सुरू होईल असं नाही."

 येताना गाडीत वेंकोबराव खिडकीशी बसले होते. विल्लुपुरम स्टेशन गेल्यावर म्हणाले, "बाई, तीनशें वरुषें मराठी बोललों. माझ्या घशांत येऊन संपावें काय?" मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पिशवीत उगाच रुमाल शोधत बसले.

अक्कांनी मग त्यांना फरफटत डॉक्टरकडे नेलं. मलाही बरोबर घेतलं, कारण बाहेरचं माणूस असलं की हे पळून जात नाहीत, असं त्यांचं गणित होतं. डॉक्टर तिशीची एक मुलगी होती, तमिळ, हसरी, पण बोलायला रोखठोक. आधी दुर्बिणीने अन्ननलिका आणि घसा तपासून झाला होता. वाईट काही नव्हतं. पण अन्ननलिकेचा खालचा भाग लाल झाला होता आणि आवाजाच्या पट्ट्या सुजल्या होत्या. तिने कागदावर एक पिशवी काढली, पिशवीच्या तोंडाशी एक दार काढलं. पोटातलं आम्ल वर येऊ नये म्हणून हे दार मिटलेलं असतं, ती म्हणाली. तुमचं नीट मिटत नाही. खालून कोणीतरी सारखं ढकलतं आहे.

"कोण?" वेंकोबरावांनी विचारलं.

डॉक्टरने पेन त्यांच्या पोटाकडे रोखलं.

वेंकोबरावांनी खिशातून वजनाचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. एखाद्या वकिलाने शेवटचा कागद ठेवावा तसं. डॉक्टरने ते वाचलं, उलटून भविष्यही वाचलं, आणि परत दिलं. "वजन ठीक आहे," ती म्हणाली. "पण ते कुठे साठलंय हे यंत्राला कळत नाही." मग खणातून शिंप्याची असते तशी टेप काढली आणि त्यांना उभं राहायला सांगितलं. पट्टा काढायला लावला. पट्टा निघाल्यावर पोटावर त्याचा खोल वळ दिसला, तो बघून ती क्षणभर थांबली आणि तिने विचारलं, "एवढा घट्ट का बांधता?"

मग शेल्याचं निघालं. अक्कांनी सगळं सांगितलं, पानासकट आणि भिंतीला लावलेल्या पायासकट. डॉक्टरने कपाळाला हात लावला. भरल्या पोटाला वरून दोरी आवळली तर आतलं कुठे जाणार, वरच ना? सांगणं सोपं होतं. काही महिने गोळ्या, जेवण थोडं आणि दिवेलागणीच्या सुमारास, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची, रोज चालायचं, पोट कमी करायचं, पट्टा सैल. आणि कथेआधी जेवायचं नाही, कंबर बांधायची नाही. "गोळीने आग विझेल," ती म्हणाली, "पण पोट असंच राहिलं तर ती पुन्हा पेटेल. पोट कमी झालं तर आवाज परत यायला हरकत नाही. बरेच जण सुधारतात."

बाहेर आल्यावर वेंकोबराव रिक्षात न बसता फुटपाथवरच उभे राहिले. "एवढीशी पोर," ते म्हणाले, "माझ्या पोटास टेप लावते! आणि अण्णांचा नेम मोडा म्हणते!"

"नेम मोडूं नका," अक्का म्हणाल्या, "घसा मोडा."

गोळ्या त्यांनी घेतल्या. पलंगाखाली विटाही लावल्या. त्यानंतर दोन दिवस ते झोपेत घसरून पायथ्याशी पोहोचायचे आणि अक्का सकाळी त्यांना तिथून उचलायच्या. छातीतली आग पुष्कळ कमी झाली. पण जेवण तेच, दुपारचं लवंडणं तेच, पट्टा तोच. दर रविवारी घरी ते कथेचा सराव करायचे, आणि सरावालाही नेम: आधी पान, मग शेला. आवाज आठवड्यात दोन दिवस यायचा आणि रविवारी जायचा. मी एकदा धीर करून म्हटलं, "वेंकोबराव, डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे एकदा करून तर बघा." ते माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, बाप जे हातानें बांधून गेला, तें मी कसें सोडूं?"  

त्याचं उत्तर कोईंबतूरहून आलं. दिवाळीनंतर वेंकोबरावांच्या आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे आल्या. आत्या म्हणजे अण्णांची सर्वांत धाकटी बहीण. लग्न होऊन कोईंबतूरला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. उत्सवाला तंजावरला येणं लग्नानंतर घडलंच नव्हतं. पासष्टी ओलांडलेल्या, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने सगळं बघणाऱ्या. त्या रविवारी मी तिथेच होते. वेंकोबराव भरपेट जेवून उठले, शेला घेतला आणि अक्का भिंतीला पाय लावून ओढायला लागल्या.

"वेंकू," आत्या म्हणाल्या, "जेवून कां बांधतोस रे?"

"अण्णांचा नेम, आत्या. पोट भर, कंबर बांध, मग राम म्हण."

आत्यांनी पट्टी नसलेला डोळा त्या पोटावर रोखला. मग म्हणाल्या, "अण्णा तुला पोट भर म्हणे. स्वतः कधीं भरला?"

वेंकोबराव शेल्याचं टोक हातात धरून उभे राहिले.

आत्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्या रडत रडत सांगत होत्या आणि अर्धं तमिळमध्ये. ते दिवस रेशनचे. घरात सहा पोरं, अण्णांना पगार कधी मिळायचा, कधी नाही. कथेकऱ्याला मंदिरातून एक पान मिळायचं. ते पान अण्णा कथेआधीच मागून घ्यायचे. आत्या तेव्हा परकरातली मुलगी. अण्णांच्या मागे उभी राहून ध्रुपद, म्हणजे कथेतल्या पदांचं पालुपद, धरायची. मागच्या खोलीत पान वाढलं की अण्णा दोन घास खायचे. उरलेलं सगळं आत्या फडक्यात बांधायची आणि मागच्या दाराने धावत घरी नेऊन द्यायची, म्हणजे वेंकू आणि त्याची भावंडं जेवायची. मग ती धावत परत यायची. तोवर अण्णांनी शेला पोटाशी घट्ट आवळलेला असायचा.

"रिकामें पोट आंत ओढतें, उभें राहवत नाहीं, म्हणून बांधे," आत्या म्हणाल्या. "एके वर्षीं बांधला नाहीं तर हाकेच्या वेळीं घेरी येऊन पडला. तुला आठवणार नाहीं. तू घरीं जेवत होतास."

वेंकोबराव खाली बसले. फरशीवर मांडी घालून, शेला मांडीवर घेऊन. त्या शेल्याच्या मध्यावर गाठीची जागा विरून जाळी झाली होती, तिच्यावरून ते अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आणि तू, आत्या? तू काय जेवत होतीस?"

"मला काय, ध्रुपद म्हणायचें," आत्या म्हणाल्या.

त्या दिवशी सराव झाला नाही. दुसऱ्या दिवशी शाखेत ढेकर आला नाही. कॅशवरची मुलगी उठून बघायला आली की राव रजेवर आहेत का. ते जागेवरच होते. डब्यातला अर्धा भात त्यांनी परत नेला, आणि पट्टा कधी नव्हे तो दोन भोकं मागे आला होता.

त्यापुढचे महिने मला फार आनंदाने आठवतात. संध्याकाळी लोकलमधून उतरलं की वेंकोबराव घरी न जाता एग्मोरच्या प्लॅटफॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. रस्त्यावर चालणं त्यांना मान्य नव्हतं. चेन्नईच्या रस्त्यावर चालणारा एक तर गाय असतो नाही तर वेडा, असं ते म्हणायचे. चालताना ओठांत भरतभेट चाललेली असायची. हमाल त्यांना ओळखायला लागले. दिवेलागणीला ते घरी पोहोचायचे आणि थोडं जेवून झोपेपर्यंत बसून राहायचे. हे बसून राहणं त्यांना फार जड गेलं. "सुखी मनुष्य आडवा असतो," ते कुरकुरायचे. अक्का त्यांना वाटाणे सोलायला बसवायच्या.

शुक्रवारी यंत्रावर चढणं मात्र चालूच होतं, आणि तिथे एक मजा झाली. पोट दिसण्याइतकं उतरलं, शर्टाची बटणं मोकळी झाली, पण चालून चालून पायांना जोर आला होता. वजन थोडंसंच हललं. ते चिडून डॉक्टरकडे गेले. "एवढे कष्ट केलों आणि यंत्र ऐकत नाहीं!" तिने टेप लावली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आधी टेपेकडे बघितलं, मग यंत्राच्या तिकिटाकडे. मग तिकीट तिच्या टेबलावरच सोडून आले. मला म्हणाले, "पोर हुशार आहे, पा." गोळ्या कमी झाल्या. गुलाबी बाटली पुन्हा खणात गेली आणि पुढे त्या खणात नुसता ओवा उरला.

आवाज हळूहळू आला. आधी सकाळची खरखर गेली, मग खोकला. फाल्गुनात एकदा लोकलमध्ये त्यांनी तिकीट तपासनिसाशी वाद घातला तेव्हा अख्खा डबा वळून बघायला लागला, आणि भांडण अर्धवट टाकून ते माझ्याकडे बघून हसले. पण हाक त्यांनी मारून पाहिली नव्हती. "ती तेथेंच," ते म्हणायचे. विश्वस्तांना त्यांनी कळवलं की मी येतो. तिकडून निरोप आला की या, पण प्रवचनकारांनाही बोलावून ठेवलं आहे, न जाणो.

मार्चमध्ये माझ्या बदलीचा हुकूम आला, पुण्याला. कथेच्या संध्याकाळी तंजावरहून निघाले तरच मला चेन्नईत पोहोचून पुढची गाडी मिळणार होती. म्हणजे कथा अर्धीच ऐकायला मिळणार. वेंकोबराव म्हणाले, "अर्धी तर अर्धी. या, बाई."

मागच्या खोलीत नेहमीसारखं पान मांडलेलं होतं. भात, भाज्या, वडे, पायसम. वेंकोबरावांनी कोईंबतूरहून आत्यांना मुद्दाम आणवलं होतं. पट्टी केव्हाच निघाली होती, आत्या दोन्ही डोळ्यांनी त्या खोलीकडे बघत होत्या. पन्नासेक वर्षांनी बघत असतील. वेंकोबराव पानापाशी गेले, पाट सरळ केला आणि म्हणाले, "आत्या, बैस."

"मी? हें कथेकऱ्याचें पान."

"ध्रुपद कोण धरलें होतें? बैस."

त्या बसल्या. पहिला घास हातात घेऊन थांबल्या, मागच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि मग जेवायला लागल्या. हळूहळू, एकेक पदार्थ, शेवटी पायसमसुद्धा. पानात काही ठेवलं नाही. अक्का दाराशी उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या, "धूर फार झाला आहे." चूल कधीच विझली होती.

वेंकोबरावांनी जांभळा शेला उचलला. सवयीने अक्कांचा पाय भिंतीकडे गेलाही. पण त्यांनी तो शेला घडी करून खांद्यावर टाकला आणि बाहेर गेले. कोपऱ्यात प्रवचनकार पाहुणे घड्याळ बघत बसले होते. कोणीतरी माइक पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

कथा सुरू झाली. आवाज पहिल्या वर्षीच्या आवाजासारखा होता असं मी म्हणणार नाही. थोडा खालच्या पट्टीत होता, जपून टाकलेला. भरत अयोध्येहून निघाला तेव्हा माझी रिक्षा आली. मी खांबाआडून एकदा शेवटचं बघितलं. ताठ उभे होते, सैल धोतर, मोकळी कंबर, खांद्यावर शेला. आणि समोर पहिल्या रांगेत आत्या, जेवून तृप्त, मांडीवर हातांनी ताल धरलेल्या. वेंकोबरावांनी मला पाहिलं. कथा न थांबवता, भरताच्या रथाला हात दाखवावा तसा मला हात दाखवला.

मी बाहेर येऊन रिक्षात बसले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो असू तेवढ्यात रिक्षावाल्याने मान तिरकी केली. मंदिरातून शब्द ऐकू येत होते. मला कळलं की भरत रानात पोहोचला आहे.

"यारु, अम्मा, पाडऱांग?" त्याने विचारलं. कोण गातंय?

"एंग राव," मी म्हटलं. आमचे राव.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता इंजिन बंद केलं. गल्लीत एकदम शांत झालं. आतही शांत झालं होतं. आता ते पाऊल पुढे टाकत असतील, मान वर करत असतील. मी पिशवी छातीशी धरून बसले होते.

मग हाक आली. माइकशिवाय, भिंतींवरून, गच्च्यांवरून, गल्लीच्या या टोकापर्यंत.